ठेव बाईची, किल्ली कोणाची?

भगिनींनो, यंदाच्या स्मरणिकेसाठी मी बँकेवर लेख लिहिणार आहे असे चिटणीसबाईंना कळवले तेव्हा त्या क्षणभर गप्पच झाल्या. दरवर्षी माझ्याकडून एखादे प्रवासवर्णन जायचे, त्याची त्यांना सवय. "बँकेवर लिहिण्यासारखे असते तरी काय हो?" त्यांनी विचारले. मी म्हटले, बँकेवर नव्हे. बँक आपल्याला ओळखते कशी, त्यावर. ही ओळखण्याची रीत गेल्या दीडशे वर्षांत कशी पालटत गेली, आणि प्रत्येक पालटाबरोबर बाईच्या गाठीच्या चार पैशांवर तिची सत्ता वाढली की घटली, एवढाच माझा विषय आहे.

विषय सुचला तो आपल्याच दुपारच्या बैठकीत. तिळगुळाच्या खर्चाचा हिशेब चालला होता. कोणीतरी सहज विचारले, "बँकेत मोबाइलचा नंबर कोणाचा दिला आहेस ग?" उत्तरे आली ती अशी: "ह्यांचा." "थोरल्याचा." "सुनेचा." "आठवत नाही बाई, तेव्हा घरात जो चालू होता तो." स्वतःचा नंबर दिलेल्या भगिनी नव्हत्या असे नाही, पण त्या थोड्या. खाते मात्र प्रत्येकीच्या स्वतःच्या नावावर होते. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवून आपण मागे जाऊ.

बँक नव्हती तेव्हाही बाईची बचत होतीच. स्वयंपाकघरातल्या उतरंडीत खालून दुसऱ्या मडक्यात, डाळीच्या डब्यात, देवघरातल्या कोनाड्यात, नाही तर कनवटीला. तिची ओळख पटवण्याचा प्रश्न नव्हता, कारण ती कुठे ठेवली हे एकटीलाच ठाऊक असे. ते लपवणे हेच तिचे कुलूप आणि तीच तिची किल्ली. धोकेही होतेच. उंदीर, चोर, आग, आणि घरातलेच कोणी. व्याज तर नाहीच. भिशी लावली तर सगळा विश्वास एका भिशीवालीवर.

इंग्रजी अमलात मुंबई, मद्रास आणि कलकत्ता या तीन शहरांत १८३३ ते १८३५ च्या दरम्यान सरकारी बचत बँका निघाल्या. पुढे १८७३ साली सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. या कायद्यातली एक बाब मला फार मोलाची वाटते. विवाहित स्त्रीच्या ठेवीसाठी त्यात वेगळे कलम होते: तिने ठेवलेली रक्कम तिलाच देता येईल, आणि तिने दिलेली पावती पुरेशी समजली जाईल. म्हणजे पैसे नवऱ्याच्या हाती द्यायला हवेत अशी सक्ती नाही. बायकांना घरात नाव घेऊन हाक मारण्याची रीत नव्हती त्या काळात, कागदावर का होईना, बाईची पावती ही बाईचीच पावती ठरली. १८८२ साली टपाल कार्यालयांत बचत बँक सुरू झाली आणि ही सोय शहराबाहेर पोचू लागली.

पण पावती द्यायची म्हणजे सही करायची, आणि सही येणाऱ्या बायका त्या काळी किती असणार? तेव्हा अंगठा आला. आपल्याला अंगठा म्हणजे अडाणीपणाची खूण वाटते. "अंगठाबहाद्दर" हा शब्द आपण किती सहज वापरतो! पण अंगठ्याच्या ठशाचा इतिहास मोठा मानाचा आहे, आणि तो आपल्याच देशात घडला. १८५८ साली बंगालमध्ये जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या ठेकेदाराच्या पंजाचा ठसा करारावर उमटवून घेतला, करार त्याने नाकारू नये म्हणून. पुढे १८९७ साली कलकत्त्याला ठशांची नोंद ठेवणारी कचेरी निघाली, जगातली पहिली. ठशांची वर्गवारी लावण्याची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता. एका माणसाचा ठसा दुसऱ्याशी जुळत नाही, हे तत्त्व सहीपेक्षा बळकट आहे. सही गिरवता येते, अंगठा गिरवता येत नाही. तेव्हा अक्षरशत्रू बाई बँकेत गेली तर तिची ओळख कमी प्रतीची होती असे मानण्याचे कारण नाही. अडचण निराळी होती. अंगठ्याला साक्षीदार लागे आणि साक्षीदार बहुधा पुरुष असे.

मालकीचा प्रश्न यापेक्षा अवघड होता. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत १९३७ च्या कायद्याने वाटा मिळाला खरा, पण तो हयातीपुरता. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या चौदाव्या कलमाने ही मर्यादा काढली आणि बाईच्या ताब्यातली मिळकत पूर्णपणे तिची झाली. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाबरोबरीने हक्क मिळायला मात्र २००५ साल उजाडावे लागले.

आमच्या लहानपणी बँकेत खाते उघडायचे म्हणजे आधीच्या एखाद्या खातेदाराची ओळख लागे. त्याने अर्जावर सही करून सांगायचे की ही बाई माझ्या माहितीतली आहे. मग नमुन्याच्या सहीचे कार्ड तयार होई. ते बँकेच्या पेटीत राही, आणि पैसे काढायला गेले की कारकून ते कार्ड काढून सही ताडून पाही. हाती पितळी बिल्ला मिळे, तो घेऊन बाकावर बसायचे आणि नंबर पुकारला की खिडकीशी जायचे. या साऱ्यात वेळ फार जाई, हे मी नाकारणार नाही. पण त्या सहीत आणि बाईत तिसरे कोणी नसे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशभरात बँकांच्या शाखा सव्वाआठ हजारांच्या आसपास होत्या. १९९१ पर्यंत त्या साठ हजारांवर गेल्या. आमच्यासारख्या कितीतरी जणींनी बँकेची पायरी पहिल्यांदा चढली ती याच वर्षांत.

तरीही गरीब बाईला बँक दारात उभी करीत नसे. त्यावर बायकांनीच उपाय काढला. १९७४ साली अहमदाबादेत इला भट्ट यांच्या पुढाकाराने चार हजार कष्टकरी बायकांनी दहा-दहा रुपयांचे भाग घेऊन सेवा बँक काढली. सही न येणाऱ्या सभासदांचे काय करायचे, तर त्यांची छायाचित्रे घेतली. बाईचा चेहरा हीच तिची सही. आपल्याकडे सातारा जिल्ह्यात म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांनी १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी केली. तिचा पहिला अर्ज नामंजूर झाला होता, कारण प्रवर्तक बायकांतल्या काहींना लिहिता-वाचता येत नव्हते. त्या बायका शिकल्या, पुन्हा गेल्या, आणि व्याजाचा हिशेब आम्ही तोंडी करून दाखवतो, तुमचे अधिकारी यंत्राशिवाय करून दाखवतील का, असे त्यांनी विचारले! चेतनाताईंनी आपल्या भाषणात आणखी एक गोष्ट सांगितली आहे. गुप्त आकडा वापरून व्यवहार करण्याची पद्धत आणायचे चालले होते, तेव्हा एका खातेदार बाईने हरकत घेतली. आकडा कोणीही चोरील, अंगठा कोण चोरणार, असे तिचे म्हणणे. ही बाई काही संगणक शिकलेली नव्हती. पण पुढे जे व्हायचे होते ते तिला आमच्याआधी दिसले होते.

आता थोडे माझ्या स्वतःच्या कामाविषयी. १९७२ साली सरकारने महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना सुरू केली. स्त्रियांनाच एजंट नेमायचे, त्यांनी घरोघर जाऊन टपाल खात्याच्या आवर्ती ठेवीचे पैसे गोळा करायचे, आणि शेकडा चार रुपये कमिशन घ्यायचे, अशी ती योजना. मी १९८१ पासून काही वर्षे हे काम केले. महिन्याला दहा-वीस रुपये भरणाऱ्या बायका माझ्या यादीत होत्या. प्रत्येकीजवळ एक कार्ड असे. पैसे घेतले की मी त्यावर सही करायची, दुसऱ्या दिवशी टपालात भरणा करायचा.

या फिरतीत मी एक शिकले. बायका मला दुपारी दोन ते चारच्या दरम्यानच बोलवीत. कार्ड कोठे ठेवलेले असे, याच्या तऱ्हा सांगायच्या तर स्वतंत्र लेख होईल. एकीचे रव्याच्या डब्यात, एकीचे शेजारणीकडे, एकीचे तर मीच सांभाळीत असे. खालच्या आळीत एक मावशी होत्या. नवरा गिरणीतून सुटलेला, हाती पैसा आला की घरी पोचत नसे. मावशींनी पाच वर्षे पापड लाटून महिन्याला वीस रुपये भरले. मुदत पुरी झाली त्या वर्षी मुलीचे परिचारिकेच्या शिक्षणाचे नाव लागले आणि तिची फी त्या पैशातून गेली. नवऱ्याला कळले ते मुलगी वसतिगृहात पोचल्यावर. ही काही लबाडी नव्हती. बाईची बचत पुष्कळदा टिकते ती कोणाला कळत नाही म्हणून, हे आपणा सर्वजणींना ठाऊक आहे. फक्त आपण ते मोठ्याने बोलत नाही.

आता मोबाइलकडे वळू. भारतात मोबाइलवरचे पहिले संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झाले, कलकत्त्याहून ज्योती बसू आणि दिल्लीहून सुखराम यांच्यात. त्या वेळी या यंत्राचा बँकेशी काही संबंध येईल असे कोणाला वाटले नसेल. पुढे संगणकावरून, कार्डावरून घरबसल्या पैसे देता येऊ लागले आणि तेथेच चोराला वाट मिळाली. कार्डावरचे आकडे उतरवून घेतले की दुसऱ्याच्या पैशाने खरेदी करता येई. तेव्हा रिझर्व्ह बँकेने १८ फेब्रुवारी २००९ रोजी आदेश काढला की कार्ड प्रत्यक्ष न दाखवता होणाऱ्या व्यवहारात कार्डावर छापलेल्या मजकुराखेरीज आणखी एक खूण पटवून घ्यावी. तो १ ऑगस्ट २००९ पासून लागू झाला. ही दुसरी खूण म्हणून हळूहळू रूढ झाला तो ओटीपी. एकदाच चालणारा, काही मिनिटांत निकामी होणारा आकडा बँकेचे यंत्र तयार करते, टेलिफोन कंपनीच्या हाती देते, आणि कंपनी तो खात्याशी जोडलेल्या नंबरावर पोचवते.

यात कोणीही वाईट हेतूने काही केले नाही, हे मला स्पष्टपणे सांगितले पाहिजे. पैसे निघाले की लगेच निरोप येतो, हा केवढा आधार! ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने रिझर्व्ह बँकेने ग्राहकाचे रक्षणही केले. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच कोणी पैसे लांबवले, आणि ग्राहकाने निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तोशीस ग्राहकाला लागू नये, असे त्यात ठरले. चार ते सात दिवसांत कळवले तर जबाबदारी मर्यादित. पण ग्राहकाने स्वतः आकडा कोणाला सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचेच. त्याच परिपत्रकात असेही होते की ग्राहकाने मोबाइल नंबर दिला नाही, तर यंत्रातून रोख काढण्याखेरीज विजेच्या माध्यमातून होणारे इतर व्यवहार बँकेने त्याला देऊ नयेत. नंबर असावा ही सूचना तेथपासून नंबर हवाच या अटीत बदलली. पुढे यंत्रातून रोख काढण्यालाही नंबर लागू लागला: स्टेट बँकेने १ जानेवारी २०२० पासून रात्रीच्या वेळी, आणि १८ सप्टेंबर २०२० पासून दिवसभर, दहा हजार व त्यावरील रकमेसाठी ओटीपी आवश्यक केला.

दरम्यान ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र येऊन गेली होती. पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि उतरंडीतली मडकी साऱ्या घरासमोर रिकामी करावी लागली. कित्येक घरांत नवऱ्यांना तेव्हाच कळले की आपली बायको काही बाळगून होती. कोणी कौतुक केले, कोणी हिशेब मागितला. त्यानंतर पुष्कळ जणींनी ठरवले की आता खात्यातच ठेवायचे; तेथे कोणी डोकावणार नाही.

येथेच मेख आहे. सही ही बाईच्या हातात आहे, अंगठा तिच्या हाताला आहे, चेहरा तिच्या धडावर आहे. नंबर मात्र सिमकार्डावर आहे आणि सिमकार्ड ज्याच्या खिशात त्याचे. ओटीपी बाईला ओळखत नाही, तो सिमकार्डाला ओळखतो. ज्या घरात प्रत्येकाचा मोबाइल वेगळा, त्या घरात हा फरक कळतही नाही. पण सगळी घरे तशी नाहीत. सरकारच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडे पाहा. २०१५-१६ मध्ये स्वतः वापरते असे खाते असलेल्या स्त्रिया शेकडा ५३ होत्या. २०१९-२१ च्या पाहणीत त्या ७८.६ झाल्या. केवढी मोठी मजल! त्यात २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झालेल्या जनधन योजनेचा हात आहेच. पण स्वतः वापरते असा मोबाइल असलेल्या स्त्रिया त्याच दोन पाहण्यांत शेकडा ४६ वरून ५४ पर्यंतच पोचल्या. मधल्या त्या चोवीस-पंचवीस जणींच्या खात्याची किल्ली कोणाकडे असेल? पाहणीत हे विचारलेले नाही, पण आपल्या बैठकीत जी उत्तरे आली ती मी वर दिलीच आहेत.

आपल्या शेजारच्या काकूंची हकीकत त्यांच्या परवानगीने देते. बँकेचे नाव देत नाही. काकूंचे खाते १९७९ चे. त्यांना मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी एक छोटी ठेव मुदतीपूर्वी मोडायची होती. मी सोबतीला होते. त्यांनी अर्जावर सही केली, ती जुन्या सहीशी वेलांटीसकट जुळली. कारकुनाने स्वतः तसे म्हटले. मग तो म्हणाला, "आजी, नंबरवर कोड गेला आहे, तो सांगा." नंबर मुलाचा, आणि मुलगा बंगळूरला, कामाच्या बैठकीत. पहिला आकडा वाया गेला, दुसरा गेला. तिसऱ्या वेळी मुलाचाच फोन आला, "आई, ठेव का मोडतेस? मला का नाही सांगितलेस?" मुलगा गुणी आहे, त्याने काळजीनेच विचारले. पण शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर सांगू, त्याला उगाच रजा काढायला नको, असे काकूंच्या मनात होते. कारकूनही भला माणूस, तो म्हणाला, "आजी, मी काय करू? यंत्र पुढे जाऊ देत नाही." समोर बाई स्वतः उभी, हातात पासबुक, सही जुळलेली, आधारपत्र टेबलावर. तरीही तिची ओळख पटवायला आठशे-नऊशे किलोमीटरवरच्या माणसाची गरज लागली. खालच्या आळीतल्या मावशी आज असत्या तर त्यांचे वीस रुपये दर महिन्याला नवऱ्याच्या मोबाइलवर निरोप होऊन वाजले असते.

विधवांची अडचण निराळी. नंबर नवऱ्याचा; तो गेल्यावर रिचार्ज कोण करणार? वापरात नसलेला नंबर काही काळाने बंद होतो आणि बंद झाल्यावर किमान नव्वद दिवस गेले की तो दुसऱ्या कोणाला देता येतो. २०२३ साली हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. म्हणजे तुमच्या ठेवीचा निरोप एखाद्या परक्या माणसाच्या हातात वाजत असण्याचा संभव आहे. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा-सहा महिने अमेरिकेला जाऊन राहणाऱ्या आपल्या भगिनींनाही हे लागू आहे. बरे, सगळे ठीक असले तरी निरोप पोचेलच असे नाही. ८ मार्च २०२१ रोजी मोठ्या प्रमाणावर जाणाऱ्या निरोपांच्या छाननीचा नवा नियम लागू झाला, आणि त्या दिवशी देशभर ओटीपी अडकून पडले. दुसऱ्याच दिवशी तो नियम आठवडाभरासाठी बाजूला ठेवावा लागला. दिवस कोणता होता ते आपल्या लक्षात आलेच असेल. जागतिक महिलादिन!

बँकेच्या बाहेर, पण अगदी बँकेच्या दारात, अलीकडे घडलेली एक गोष्ट येथे नोंदवून ठेवते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना २०२४ च्या मध्यावर सुरू झाली. महिना पंधराशे रुपये, आणि ते बाईच्या स्वतःच्या खात्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये लाभार्थींची ओळख नव्याने पटवून घेण्याचे ठरले. त्यासाठी बाईच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर एक आकडा आणि नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर दुसरा आकडा मागितला गेला. ज्यांचे नवरा आणि वडील दोघेही हयात नाहीत, किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांनी काय करायचे हा प्रश्न लगेच उभा राहिला. नंतर त्यांच्यासाठी कागदपत्रे देण्याची वाट काढण्यात आली आणि मुदत वाढवून ३१ डिसेंबर २०२५ केली गेली. उत्पन्नाची तपासणी हवी, हे मला मान्य आहे. तरी १८७३ च्या कायद्याने बाईची पावती पुरेशी मानली होती, याची आठवण मला त्या दिवसांत सारखी येत होती.

मौज अशी की अंगठा पुन्हा परत आला आहे. खेड्यापाड्यांत बँकमित्राच्या छोट्या यंत्रावर बोट टेकवून आधारच्या आधारे पैसे काढता येतात. त्याला मोबाइल लागत नाही. हर्शेलचीच युक्ती, फक्त शाई गेली. पण धुणे, भांडी, शेण, विटा यांत ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचे बोट यंत्र ओळखत नाही, आणि त्या पुन्हा दोनदा-तीनदा हात पुसून बोट टेकवीत राहतात. तेव्हा कोणतीच एक खूण सर्वांना पुरत नाही, असे इतिहास पाहता मला वाटते. रिझर्व्ह बँकेलाही बहुधा हे पटले असावे. २५ सप्टेंबर २०२५ रोजी तिने नवे निर्देश काढले आणि ते लागू करण्याची तारीख १ एप्रिल २०२६ ठेवली. ओळखीच्या दोन खुणा हव्यातच, पण दुसरी खूण मोबाइलवरचा आकडाच असला पाहिजे असे नाही, असा त्यांचा आशय आहे. ठसा, चेहरा, बँकेने दिलेले वेगळे साधन, यांपैकी काय आणि कोणासाठी, हे बँका ठरवतील. ठरवताना स्वतःचा मोबाइल नसलेल्या बाईचा विचार कोण पुढे मांडणार, हा खरा प्रश्न. आपल्यासारखी मंडळे पत्रे लिहू शकतात. निदान आपण ज्या बँकेत मंडळाचे पैसे ठेवतो तिच्या व्यवस्थापकांना तरी.

मंडळाच्या पैशावरून आठवले. आपल्या खात्यावर दोघींच्या सह्या लागतात, पण नंबर एकच, आणि तो माजी खजिनदारीणबाईंचा. त्या गेल्या वर्षी नाशिकला राहायला गेल्या. वर्गणी जमा झाली की अजून त्यांच्याच मोबाइलवर निरोप वाजतो आणि त्या बिचाऱ्या आपल्याला फोन करून कळवतात! नवा ठराव, सह्यांचे नमुने आणि नंबर बदलण्याचा अर्ज तयार आहे, पुढच्या सभेत मंजूर करून घ्यायचा आहे.

त्याच सभेनंतर ज्यांना आपल्या खात्याचा नंबर बदलायचा आहे त्यांच्यासाठी मी आणि दोघी-तिघी तरुण सभासद अर्ज भरून द्यायला बसणार आहोत. येताना पासबुक, आधारपत्र आणि ज्या सिमकार्डावर स्वतःचे नाव आहे तो मोबाइल आणावा. अर्ज शाखेत जाऊन स्वतः सही करून द्यावा लागतो. ज्यांचे सिमकार्ड मुलाच्या किंवा यजमानांच्या नावावर आहे त्यांनी ते आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावे. त्याची चौकशी मी दुकानात करून ठेवली आहे. सत्तरी उलटलेल्यांना आणि अपंगांना काही बँकसेवा घरपोच द्याव्यात असे रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना सांगितले होते. आपल्या भागातल्या शाखा काय काय करतात त्याची यादी सभागृहाच्या फळ्यावर लावली आहे. आणि एक, मोबाइलवर आलेला आकडा मला किंवा त्या तरुण मुलींनाही सांगू नका. आम्ही विचारणार नाही, आणि विचारला तर खुशाल दटावा.